अपयश कर्मचाऱ्याचे की वरिष्ठाचे?

नोकरीवरून कमी केल्याच्या पत्रावर नाव एकाच व्यक्तीचे असते. काम समाधानकारक नाही, सेवेची आवश्यकता उरलेली नाही, अशा दोन-तीन ओळी आणि खाली सही. त्या व्यक्तीला काम कोणी शिकवले, चूक झाली तेव्हा ती कोणी आणि केव्हा दाखवून दिली, सुधारणेसाठी किती अवधी दिला, याची नोंद त्या पत्रात नसते. कर्मचाऱ्याचे यशापयश त्याच्या गुणांवर आणि कष्टांवर ठरते, ही समजूत चुकीची नाही. मात्र ती अपुरी आहे. गेल्या सहा दशकांतील संशोधन आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल एकत्र वाचले, तर असे दिसते की वरिष्ठाचे मत हे कर्मचाऱ्याच्या कामाचे मोजमाप असते आणि पुष्कळदा त्या कामाचे कारणही असते. म्हणूनच ते मत वेळेवर आणि लेखी स्वरूपात कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचते की नाही, यावर अनेकांची नोकरी अवलंबून राहते.

कानफाट्या नाव कसे पडते

एकदा कानफाट्या नाव पडले की पडलेच, ही म्हण कार्यालयांना आणि कारखान्यांना तंतोतंत लागू पडते. फ्रान्समधील इन्सिआड या व्यवस्थापन संस्थेतील झाँ-फ्रान्स्वा मान्झोनी आणि झाँ-लुई बार्सू या दोन अभ्यासकांनी १९९८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात या प्रक्रियेचे सविस्तर वर्णन केले. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या चार कारखान्यांतील वरिष्ठ आणि त्यांचे हाताखालचे अधिकारी अशा पन्नास जोड्यांचा अभ्यास त्यांच्या लेखामागे होता. चांगला कर्मचारी वरिष्ठाच्याच वागण्यामुळे हळूहळू अपयशाकडे कसा ढकलला जातो, हा त्यांचा विषय होता.

या प्रक्रियेची सुरुवात क्षुल्लक असते. एखादा अहवाल उशिरा येतो, एखादे गिऱ्हाईक नाराज होते, किंवा आधीच्या विभागातून ‘जरा सांभाळून घ्या’ असा निरोप आलेला असतो. वरिष्ठाच्या मनात शंका उत्पन्न होते आणि तो त्या माणसावर अधिक लक्ष ठेवू लागतो. प्रत्येक काम तपासून पाहणे, बारीकसारीक बाबींसाठी परवानगी मागायला लावणे, काय करायचे ते सांगणे पण का करायचे ते न सांगणे, असे वर्तन सुरू होते. वरिष्ठाच्या दृष्टीने ही मदत असते. कर्मचाऱ्याला मात्र आपल्यावरचा विश्वास उडाल्याचे जाणवते. तो स्वतःहून काही सुचवणे सोडतो, अडचण लपवतो, वरिष्ठाच्या समोर जाणे टाळतो. हे पाहून वरिष्ठाची खात्री पटते की, आपली शंका रास्तच होती. मग देखरेख आणखी कडक होते आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

समजा, हॉटेलच्या स्वागतकक्षात दोन नवे कर्मचारी एकाच दिवशी रुजू झाले. दोघांकडूनही पहिल्या आठवड्यात आरक्षणाच्या नोंदीत एकेक चूक झाली. ज्याच्याविषयी व्यवस्थापकाचे मत चांगले आहे, त्याची चूक नवखेपणाची ठरते आणि त्याला बाजूला घेऊन पद्धत समजावली जाते. दुसऱ्याची चूक बेफिकिरीची ठरते आणि त्याला सर्वांसमोर बोलणी बसतात. सहा महिन्यांनी पहिला आत्मविश्वासाने काम करत असतो, तर दुसरा प्रत्येक गोष्ट विचारून करतो आणि म्हणून ‘संथ’ गणला जातो. दोघांतील फरक तेव्हा खरा असतो; पण तो पहिल्या दिवशी नव्हता.

या फेऱ्याचा सर्वांत धोकादायक भाग म्हणजे त्यातील मौन. वरिष्ठाला वाटते, उघड बोललो तर वाद होईल. कर्मचाऱ्याला वाटते, विचारले तर आपली कमजोरी उघडी पडेल. त्यामुळे मत दोघांच्याही मनात पक्के होत जाते आणि प्रत्यक्ष बोलणे होते ते सेवासमाप्तीच्या दिवशी.

अपेक्षेचे बळ

अपेक्षेचा परिणाम प्रथम शाळेत मोजला गेला. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग १९६८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. सुमारे वीस टक्के मुलांची नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून ही मुले लवकरच बौद्धिक झेप घेतील असे शिक्षकांना सांगण्यात आले. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतील त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक आढळली. आपणच घडवलेल्या मूर्तीवर प्रेम करून तिला सजीव झालेली पाहणाऱ्या ग्रीक शिल्पकाराच्या कथेवरून या घटिताला ‘पिग्मॅलियन परिणाम’ हे नाव मिळाले. या प्रयोगाच्या मोजणीवर त्याच वर्षी कठोर टीका झाली आणि शाळांतील परिणाम नेमका किती, हा वाद पुढे चालू राहिला.

कामाच्या ठिकाणचे पुरावे मात्र वेगळ्या मार्गाने जमत गेले. स्टर्लिंग लिव्हिंगस्टन यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या रॉकअवे भागातील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या कार्यालयाचे उदाहरण मांडले. तेथील व्यवस्थापकाने १९६१ मध्ये सर्वोत्तम विमा प्रतिनिधी सर्वोत्तम सहायक व्यवस्थापकाकडे, मध्यम प्रतिनिधी मध्यम सहायकाकडे आणि दुबळे प्रतिनिधी सर्वांत दुबळ्या सहायकाकडे सोपवले. अव्वल गट अपेक्षेप्रमाणे पुढे गेला. दुबळ्या गटाचे काम घसरले आणि त्यातील लोक नोकरी सोडून जाऊ लागले. मध्यम गटाने मात्र सर्वांना चकित केले. त्याच्या प्रमुखाने आपला गट कमी प्रतीचा आहे हे मानण्यासच नकार दिला. अव्वल गटाइतका अनुभव नसला तरी गुणवत्ता आपल्याकडेही आहे, असे तो आपल्या प्रतिनिधींना सतत सांगत राहिला. परिणामी टक्केवारीने पाहता या गटाची वाढ अव्वल गटाहूनही अधिक झाली.

इस्रायलच्या लष्करात डोव्ह ईडन आणि अब्राहम शानी यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक काटेकोर होता. एका अभ्यासक्रमातील १०५ प्रशिक्षणार्थींचे यदृच्छेने गट पाडून काहींची क्षमता उच्च आहे, काहींची सामान्य आहे आणि काहींची अज्ञात आहे, असे प्रशिक्षकांना सांगितले गेले. ‘उच्च क्षमता’ असा शिक्का बसलेल्यांचे गुण इतरांहून लक्षणीय चांगले आले. पुढील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता हा परिणाम लष्करी वातावरणात आणि ज्यांच्याविषयी मुळात कमी अपेक्षा होती अशांच्या बाबतीत अधिक तीव्र दिसला. ज्याला कोणी विचारत नाही, त्याच्यावर टाकलेला विश्वास सर्वाधिक फळ देतो, असा त्याचा अर्थ.

तेच कामगार, वेगळे व्यवस्थापन

व्यक्तीऐवजी संपूर्ण कारखान्याच्या पातळीवर हीच गोष्ट कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट येथे पाहायला मिळाली. जनरल मोटर्सचा तेथील मोटार कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी सुमारे वीस टक्के, अचानक होणारे संप, तुंबलेल्या तक्रारी आणि निकृष्ट गाड्या, अशी त्याची ख्याती होती. दोष कामगारांच्या माथी मारला गेला होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तोच कारखाना ‘नुमी’ या संयुक्त कंपनीच्या नावाने पुन्हा सुरू केला. कामगार संघटना तीच होती आणि बहुसंख्य कामगारही जुनेच होते. दैनंदिन कारभार मात्र टोयोटाच्या पद्धतीने चालू लागला.

पथकप्रमुखांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवण्यात आले. अडचण दिसताच कोणत्याही कामगाराने डोक्यावरची दोरी ओढावी, पथकप्रमुखाने तत्काळ मदतीस यावे आणि आवश्यकता भासल्यास सारी उत्पादन साखळी थांबवावी, असा नियम झाला. पूर्वी साखळी थांबवणे हा मोठा अपराध मानला जात असे. आता चूक लपवणाऱ्यापेक्षा दाखवणाऱ्याचे मोल वाढले. अल्पावधीत गैरहजेरी सुमारे दोन टक्क्यांवर आली आणि येथील गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांहून सरस ठरला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मागणी घटली, तेव्हाही कामगारांना घरी पाठवण्याऐवजी प्रशिक्षणात आणि सुधारणेच्या कामात गुंतवले गेले.

या कथेची दुसरी बाजूही आहे. जनरल मोटर्सने हीच पद्धत व्हॅन नाइस येथील आपल्या कारखान्यात नेण्याचा प्रयत्न केला. तेथे ती रुजली नाही. दोरी बसवता येते, पण ती ओढणाऱ्या कामगाराकडे पाहण्याची पर्यवेक्षकाची नजर बदलल्याखेरीज तिचा उपयोग होत नाही.

मूल्यमापन नेमके कोणाचे?

वार्षिक मूल्यमापनात मिळणारा आकडा कर्मचाऱ्याच्या कामाचा निदर्शक समजला जातो. स्टीव्हन स्कलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली सुमारे साडेचार हजार व्यवस्थापकांना त्यांचे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे लोक यांनी दिलेल्या गुणांचा अभ्यास केला. गुणांतील तफावतीचा निम्म्याहून अधिक भाग गुण देणाऱ्याच्या व्यक्तिगत प्रवृत्तीतून आलेला आढळला. प्रत्यक्ष कामगिरीचा वाटा त्याहून बराच कमी होता. गुणपत्रिका कर्मचाऱ्याची असली तरी तिच्यात लिहिणाऱ्याचे प्रतिबिंब अधिक पडते, असा याचा निष्कर्ष.

परिणामाची तीव्रताही निर्णयाला झुकवते. टेरेन्स मिचेल आणि रॉबर्ट वुड यांनी १९८० साली परिचारिकांच्या पर्यवेक्षकांपुढे चुकांचे प्रसंग ठेवून त्यांची मते घेतली. परिणाम गंभीर झाला असे सांगितले की पर्यवेक्षक परिचारिकेच्या स्वभावाला किंवा निष्काळजीपणाला दोष देत आणि शिक्षेकडे झुकत. जिच्या नावावर आधीची वाईट नोंद आहे, तिच्या बाबतीतही तेच घडे. कामाचा ताण, अपुरे मनुष्यबळ, सदोष साधने ही कारणे अशा वेळी मागे पडतात.

जेथे ठरावीक प्रमाणात कर्मचाऱ्यांना तळाच्या श्रेणीत टाकणे सक्तीचे असते, तेथे ही जोखीम वाढते. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ साली बंद केली. याउलट गूगलने चांगल्या व्यवस्थापकांची लक्षणे शोधण्यासाठी स्वतःच्याच माहितीचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा मार्गदर्शन करण्याची तयारी आणि बारीकसारीक हस्तक्षेप टाळणे हे गुण यादीत वर आले.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका

मौनातून होणारा अन्याय भारतीय न्यायालयांनी फार पूर्वी ओळखला. ‘सुमती शेरे विरुद्ध भारत सरकार’ या १९८९ च्या प्रकरणात तदर्थ तत्त्वावर नेमलेल्या एका डॉक्टरांची सेवा अयोग्यतेच्या कारणावरून संपवण्यात आली होती. त्यांच्या कामातील उणिवा त्यांना आधी कळवलेल्या नव्हत्या. न्यायालयाने ही कारवाई मनमानी ठरवली. उणीव ही क्षमतेच्या अभावातून आलेली असतेच असे नाही. ती अनवधानातूनही आलेली असू शकते आणि वेळीच कळवल्यास कर्मचारी मार्गावर येऊ शकतो, हा त्या निकालाचा गाभा. मान्झोनी आणि बार्सू यांच्या लेखाआधी नऊ वर्षे आपल्या न्यायालयाने जवळपास तेच सूत्र सांगितले होते.

‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ हा मे २००८ मधील निकाल याहून पुढे गेला. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील एका अधिकाऱ्याला बढतीसाठी सलग पाच वर्षे ‘अत्युत्तम’ शेरा आवश्यक होता. चार वर्षांचा शेरा तसा होता. १९९३-९४ या वर्षाचा शेरा केवळ ‘चांगला’ होता आणि तो त्यांना कधी कळवलाच नव्हता. शेरा प्रतिकूल नसल्याने कळवण्याची गरज नाही, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले. ज्या शेऱ्याने बढती रोखली जाते, तो नावाने ‘चांगला’ असला तरी परिणामाने प्रतिकूलच, असे मानून प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे असे न्यायालयाने ठरवले. निकाल लागला तेव्हा संबंधित अधिकारी निवृत्त झालेले होते. पुढे २०१३ मध्ये ‘सुखदेव सिंग’ प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच तत्त्व कायम केले.

देव दत्त निकालानंतर केंद्र सरकारने मे २००९ च्या आदेशाने २००८-०९ पासूनचा संपूर्ण वार्षिक कामगिरी अहवाल कर्मचाऱ्याला दाखवणे आणि म्हणणे मांडण्यास पंधरा दिवस देणे बंधनकारक केले. जुना ‘गोपनीय’ अहवाल तेथे संपला.

परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांबाबत १९७४ च्या ‘शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या सात न्यायाधीशांच्या निकालाने दिशा दिली. सेवासमाप्तीचा आदेश वरकरणी साधा दिसला, तरी त्यामागे प्रत्यक्षात शिक्षा दडलेली असेल, तर न्यायालय आदेशाच्या शब्दांपलीकडे जाऊन पाहू शकते, हे त्यातून प्रस्थापित झाले.

खासगी नोकरीतील पोकळी

हे संरक्षण प्रामुख्याने सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीला आहे. खासगी आस्थापनांना शेरा कळवण्याचे असे सर्वसाधारण बंधन नाही. तेथे कायदा मुख्यतः शेवटच्या टप्प्यावर येतो. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणारी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता, दोन्हींत एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची सूचना किंवा त्याबदली वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देण्याची तरतूद आहे. गैरवर्तनाचा आरोप ठेवून काढायचे असल्यास चौकशी करून बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

परंतु व्यवस्थापकीय काम करणारे या ‘कामगार’ व्याख्येबाहेर राहतात. पर्यवेक्षकीय काम करणाऱ्यांना वेतनमर्यादा आहे. नव्या संहितेत ती दरमहा १८,००० रुपये आहे. ठरावीक मुदतीचा करार मुदत संपल्यावर पुढे चालू न ठेवणे ही कपात मानली जात नाही. गोव्यात हॉटेलांपासून औषधनिर्मितीपर्यंत अशा करारांवर आणि परिविक्षेवर काम करणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. त्यांचे भवितव्य बहुतांशी एका वरिष्ठाच्या मतावर ठरते आणि ते मत त्यांना कळेलच अशी हमी नसते.

काय करता येईल?

वरिष्ठासाठी पहिला नियम असा की, नव्या माणसाकडून काय अपेक्षित आहे ते पहिल्या आठवड्यातच मोजता येईल अशा शब्दांत सांगावे. ‘चांगले काम करा’ याला अर्थ नाही; ‘तक्रारीला चोवीस तासांत उत्तर जावे’ याला आहे. चूक दिसली की त्याच आठवड्यात, एकांतात आणि उदाहरणासह बोलावे. संबंध बिघडलेलेच असतील, तर मान्झोनी आणि बार्सू यांनी सुचवलेला मार्ग उपयोगी पडतो. संकोच न वाटेल अशा जागी बसावे, कोणत्या कामात अडचण आहे आणि कोणत्या कामात नाही हे दोघांनी मिळून ठरवावे, आपल्या वागण्याने त्यात भर पडली काय हे वरिष्ठाने मोकळेपणाने विचारावे आणि पुढच्या भेटीची तारीख निश्चित करावी.

कर्मचाऱ्यानेही मौन पाळू नये. परिविक्षा काळात महिन्यातून एकदा ‘माझ्या कामात कोणती सुधारणा हवी?’ असे विचारावे आणि मिळालेले उत्तर त्याच दिवशी छोट्या ईमेलने परत कळवावे. कामाचे आदेश, पूर्ण केलेल्या कामांच्या तारखा, मिळालेले कौतुक आणि मेमो यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. मेमोला उत्तर न देणे म्हणजे आरोप मान्य केल्यासारखे दिसते. म्हणून मुदतीत, संयत भाषेत आणि वस्तुस्थितीला धरून उत्तर द्यावे. वेळीच विचारलेला प्रश्न पुष्कळदा फेरा तोडतो. तो तुटला नाही, तर हीच कागदपत्रे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा न्यायालयात आधार ठरतात.

प्रत्येक सेवासमाप्तीमागे वरिष्ठाचाच दोष असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. काही माणसे खरोखरच त्या कामासाठी योग्य नसतात, काही प्रामाणिक नसतात, आणि अनेक वरिष्ठ स्वतःही वरच्या दडपणाखाली असतात. म्हणूनच प्रश्न सोपा ठेवावा. अपेक्षा स्पष्ट सांगितली होती काय, उणीव वेळेवर कळवली होती काय, आणि सुधारण्यास पुरेसा अवधी व साहाय्य दिले होते काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर सेवासमाप्तीच्या पत्रावर सही करणाऱ्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. एखादे उत्तर नकारार्थी असेल, तर सही करण्याआधी ते राहिलेले काम पूर्ण करणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे.